वापसा आला नाही, साहेब!

आमच्या पठारावरची माती पावसाळ्यात चपलेला चिकटली की चिकटतच जाते. पायथ्याला पाच फुटाचा असलेला माणूस वर पोचेपर्यंत सव्वापाच फुटाचा होतो! आमच्या किस्स्यांचंही तसंच आहे. आम्ही चौघं ओट्यावर बसलो की एक निघतो, त्याला दुसरा चिकटतो, आणि चहा गार होऊन जातो. मी बोलायला सावकाश. माझा किस्सा अर्ध्यावर आला की चंद्राक्का तो पुरा करून टाकते. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. कागद तरी मधे तोंड घालत नाही. शाळा चौथीपर्यंतच झालीय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पाटोद्याच्या वरच्या अंगाला डोंगर चढून गेलं की सपाट पठार लागतं. एका बाजूला जंगल, दुसरी बाजू उघडी. त्या उघड्या बाजूला वनखात्यानं झाडं लावायचं काढलं. आम्ही चौघं कामाला लागलो. मी, माझा लहानपणचा जोडीदार दगडू, त्याची बायको सागरबाई आणि शेजारची चंद्राक्का. गार्डसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "रोपं जगली तर तीन वर्षं निगराणीचं काम तुम्हालाच. मेली तर दिवाळीआधी काम बंद."

काम बंद म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाचा ट्रक येतो आणि गाव रिकामं होतं. तोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडं 'कोयता' म्हणतात. दगडू आणि सागरबाई मिळून एक कोयता. आदल्या साली डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना सागरबाई खाली पडली होती. कंबर पुन्हा सरळ झाली नाही. गार्डसाहेबांचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "मंग जगवू."

*

उन्हाळ्यात खड्डे खोदायचे होते. ती माती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की लोखंड. टिकाव मारला की ठिणगी उडायची आणि हात खांद्यापर्यंत झिणझिण्या. भेगा तर अशा की कोपरापर्यंत हात जावा!

एकदा दगडू वाकला आणि वरच्या खिशातला मोबाईल सुळकन भेगेत गेला. बटणांचा, नवाकोरा. आम्ही काडी घालून पाहिली, तार घालून पाहिली. फोन आणखीच खाली.

एवढ्यात जमिनीतून गाणं वाजायला लागलं. रिंग!

गार्डसाहेब शिट्टी तोंडात धरून धावत आले. "काय झालं? कुठं वाजतंय?"

चंद्राक्का पदर सावरत म्हणाली, "काय न्हाई साहेब. धरणीमायचा फोन आलाय. उचला, तुमच्यासाठीच आसंल!"

फोन काढायला खड्डा घ्यावा लागला. गार्डसाहेबांनी टेप लावून तो मापला आणि म्हणाले, "मापात आहे. यात एक कडुलिंब लावा." तो कडुलिंब अजून आहे. त्याला आम्ही मोबाईलचा लिंब म्हणतो.

*

मग गार्डसाहेबांच्या वरचे नवे साहेब आले. तरुण पोरगं, चष्मेवालं, बोलायला लई गोड. मातीची तपासणी करायची म्हणाले. सागरबाईच्या हातात एक कापडी पिशवी दिली. "चार ठिकाणची, हातभर खालची माती काढून ठेवा. उद्या नेतो."

दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली तर आत माती अशी मऊ की गालाला लावावी. साहेबांनी चिमटीत घेतली, चोळली, पुन्हा चोळली. "एवढी बारीक? यात एकही खडा कसा नाही?"

सागरबाई लाजली. "चाळून आणली, साहेब. पिठाच्या चाळणीनं. सरकारात जायची माती, खडे कसे ठिवायचे?"

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण रागावले नाहीत. "अहो बाई, खडे किती, माती किती, तेच तर बघायचं होतं!"

"आसं व्हय!" सागरबाईला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पिशवी भरून दिली.

त्यात नुसते खडे. निवडून, धुऊन, वाळवलेले!

शेवटी साहेबांनी स्वतः माती काढली. तपासणीचा कागद आला तेव्हा आम्हाला गोल बसवून वाचून दाखवला. माती चिकण, पाणी धरून ठेवणारी, निचरा कमी, वाळल्यावर भेगाळणारी.

दगडूनं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाला, "लई खरं लिव्हलंय. आमच्या चपलाबी हेच सांगत व्हत्या."

*

आषाढात रोपांचा टेम्पो आला. रात्रभर पाऊस झालेला. वरून हुकूम होता, आजच्या आज लागवड करा.

दगडू बांधावर बसून राहिला. "आज न्हाई लावायचं. वापसा न्हाई."

माती फार ओलीही नाही आणि फार सुकीही नाही, अशी हाताला लागली की आम्ही वापसा आला म्हणतो. दगडूनं मूठभर माती घेतली, लाडू वळला आणि खाली सोडला. लाडू पचकन बसला. "हा फुटला पायजे, साहेब. तवर मुळीला श्वास घ्यायला जागा न्हाई. आज लावलं तर समदं सडंल."

नव्या साहेबांना पटलं. पण तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. ते परमुलखातले, मराठी नुकतीच शिकत होते. आवाज एवढा मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "लागवड का थांबली?"

"सर, वापसा आला नाही."

"कोण वापसा?"

"सर, तो..."

"एका माणसासाठी काम बंद? त्याची गैरहजेरी लावा! आणि उद्या माझ्यासमोर उभा करा!"

साहेबांनी घाबरून दगडूकडं बघितलं. दगडू शांतपणे म्हणाला, "सांगा त्यास्नी, परवा येतो म्हणावं. उन्हावर हाय."

तिसऱ्या दिवशी वापसा आला. आम्ही जेवायलाही न थांबता रोपं लावली.

*

एक किस्सा माझ्या फजितीचा आहे. चंद्राक्का सांगते तेव्हा लोक हसतात, मला मात्र अजून हसू येत नाही.

दगडू म्हणाला होता, "खड्डा पुरा भर. वर बोटभर उंचवटा ठिव. रोप उंचवट्यावर बसव." माझ्या दोन ओळी राहिल्या होत्या आणि पाऊस दिसत होता. मी खड्डे अर्धेच भरले आणि रोपं खोलगट लावून टाकली. लवकर उरकलं म्हणून खूशही झालो.

त्या मातीत पाणी मुरत नाही. चार दिवसांनी पाहिलं तर माझ्या दोन्ही ओळींत खड्डे काठोकाठ भरलेले. रोपं पिवळी पडायला लागली होती. सागरबाई बघायच्या आत मी ओंजळीनं पाणी उपसायला बसलो. तेवढ्यात मागून ती आलीच.

"भावजी, झाडं लावली का रांजण पुरले?"

मला वर बघवेना. तिच्या कमरेचं माझ्यापेक्षा कुणाला जास्त माहीत होतं? ती पडली तेव्हा मी त्याच ट्रकजवळ उभा होतो.

ती कंबरेला हात लावून खाली बसली आणि खुरप्यानं एकेका खड्ड्याला चर काढून द्यायला लागली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी दोन ओळी मोकळ्या केल्या. सात रोपं गेली. बाकीची जगली. त्या सातांची जागा मी आजही डोळे मिटून दाखवीन.

*

नवरात्र उलटलं, उघडीप पडली आणि ऊन तापलं. माती आवळायला लागली. भेगा पडल्या की कोवळी मुळी तुटते. म्हणून बायका जंगलाच्या बाजूनं पालापाचोळा आणायच्या आणि रोपांजवळच्या भेगा बुजवायच्या.

चंद्राक्का पाटीभर पाचोळा ओतत म्हणाली, "बघा साहेब नशीब! माझ्या टाचंच्या भेगा कुणी भरंना, अन् मी जमिनीच्या भरती!"

गार्डसाहेब मनाचे हळवे. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटोद्याहून टाचांना लावायचं मलम आणलं. चंद्राक्कानं ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली.

"साहेब, एवढ्याशानं पठार कसं भागंल?"

*

दिवाळी तोंडावर आली आणि मोठे साहेब स्वतः तपासणीला आले. तपासणी आली की काही जण फांद्या तोडून जमिनीत खोचतात, हे त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. म्हणून ते रोप धरून ओढून बघायचे.

आमचं पहिलं रोप त्यांनी दोन बोटांनी ओढलं. हललं नाही. मुठीत धरून ओढलं. हललं नाही. माती अशी आवळलेली, की खांब पुरल्यासारखं. मग त्यांनी पाय रोवले आणि दोन्ही हातांनी जोर लावला. पाला हातात आला आणि साहेब मागं जमिनीवर!

कुणाला हसायची छाती झाली नाही. फक्त चंद्राक्का कळवळून ओरडली, "आवो साहेब, दमानं! आमी जगवलंय ते, तुमी कावून मारताव?"

साहेब कपडे झटकत उठले. त्यांनी गार्डसाहेबांना एवढंच सांगितलं, "काम पुढे चालू ठेवा."

*

दुसऱ्याच दिवशी सकाळी मुकादमाचा ट्रक गावात आला. भांडी, गोधड्या, शेळ्या चढायला लागल्या. दगडू दारात बसून होता. मातीची गोष्ट सोडली तर त्याला कुणाला 'नाही' म्हणता येत नाही, जन्मापासूनच. मी त्याच्याजवळ बसलो.

"दगडू, आटप बे!" मुकादमानं दोनदा हाक मारली. दगडू जमिनीकडं बघत राहिला.

तेवढ्यात सागरबाई घरातून बाहेर आली. हातात कोयता. कंबरेला एक हात लावून ती सावकाश ट्रककडं निघाली. मी उठून उभा राहिलो. चंद्राक्का शेजारच्या दारातून धावत आली.

मुकादम हसला. "शाब्बास वैनी! मला ठाऊक व्हतं. चढा वर, दगडू येतोय मागून."

"चढायला न्हाई आले," सागरबाई म्हणाली. "कोयता बोथट झालाय. तुमच्या गाडीत कानस आसती, ती द्या."

"कानस? कशाला?"

"वर पठारावर घाणेरी लई माजलीय. रोपांच्या उरावर बसलीय. तोडायचीय."

 ट्रकमधल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शेवटी मुकादमानं सीटखालून कानस काढून तिच्या हातात दिली.

"हंगाम उरकून आलो की परत दे, बाई."

सागरबाईनं पात्यावरून अंगठा फिरवून बघितला.

"देते की," ती म्हणाली. "तीन सालांनी या."