मार्गारेट आजींना पाट्या वाचून दाखवल्या

मंडळी, आज इथल्या वेरिबी उपनगरातली जुनी हवेली बघायला एकटाच गेलो होतो. रूममेट भावाच्या लग्नाला मायदेशी, नागपूरला गेलाय आणि घर नुसतं खायला उठतंय.

तिथे मार्गारेट आजी भेटल्या, मूळच्या यॉर्कशायरच्या. तिकडे दर रविवारी त्या आणि त्यांचा नवरा एखादा किल्ला, नाहीतर पडका मठ बघायला जायचे. तो तिथली माहितीची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायचा आणि या वैतागायच्या. तो गेल्यावर मुलाने त्यांना इथे आणलं.

डायनिंग रूममधल्या पाटीपाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, "जरा मोठ्याने वाचतोस?"

मला वाटलं, चष्मा विसरल्या असतील. पण चष्मा तर डोळ्यांवरच होता.

मी वाचायला लागलो. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग आम्ही एकही पाटी सोडली नाही. निघताना "थँक यू, लव्ह" म्हणत त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि बसमध्ये चढल्या.

नंतर जाणवलं, आपला घसा बसलाय. शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून मी कोणाशी धड बोललोच नव्हतो.

खरं सांगा, असे वीकेंड तुमच्यापैकी अजून कोण काढतं?