परतीचं कलम

नलू गुप्त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट जिवापाड जपली, आणि तीही स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देऊन टाकली.

त्या परळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. लग्न केलं नाही. घर प्रभादेवीला, आणि मासळीचं वेड कायस्थाच्या घरातलं, म्हणजे त्याबद्दल बोलायलाच नको. दादरच्या बाजारात आनंदीबाई कोळणीच्या टोपलीत दुपारपर्यंत बोंबलांचा लगदा होताना पाहून त्यांचा जीव तुटायचा. तिथूनच काम सुरू झालं. आनंदीबाई कोलंबीची सोललेली सालं पिशवीत भरून द्यायची, नलूताई ती लॅबमध्ये न्यायच्या. सगळा मजला वासाने हैराण, पण बाई हटल्या नाहीत. कित्येक वर्षांनी त्या सालांपासून असं पाणी तयार झालं, की त्यात बुडवून काढलेले बोंबील दुसऱ्या दिवशीही टणटणीत. आनंदीबाईने बोटाने दाबून पाहिलं आणि विचारलं, "ह्यो कालचा हाय का आजचा?" पुढे पेटंट मिळालं, पण नलूताईंना खरा आनंद झाला तो त्या प्रश्नाचा.

संशोधनाला गिऱ्हाईक शोधून देणारी एक कचेरी कॉलेजात आहे. दारावर 'ट्रान्सफर सेल' अशी पाटी असल्यामुळे नवे शिपाई तिथे बदलीचे अर्ज घेऊन जातात. तिथला विनीत तरुण, चटपटीत पोरगा. कायद्याने पेटंट कॉलेजचं, तरी नलूताईंना विचारल्याशिवाय तो पान हलू देत नसे. एका मोठ्या कंपनीने परवाना मागितला, आणि तोही आपल्या एकटीपुरता. विनीतने करारात एक कलम घातलं: मुदतीत माल बाजारात आणला नाही, तर परवाना परत.

"हे काढून टाक," नलूताई म्हणाल्या.

"मॅडम, हे सगळीकडे असतं. आपली सेफ्टी आहे."

"अरे, मुलगी देताना कुणी तिला परत आणायची भाषा करतं का? चांगली माणसं आहेत ती. त्यांना काय वाटेल?"

बोलणी नीट चाललेली असताना अपशकुन नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. विनीत कचेरीच्या संचालकांकडे गेला. तेही म्हणाले, मॅडमचं लेकरू आहे, मॅडम म्हणतील तसं. कलम गेलं, सह्या झाल्या, पेढे वाटले गेले. शिकलेली माणसं चुकतात तेव्हा अगदी मनापासून चुकतात.

कंपनी मूळची बर्फपेट्या विकणारी. बर्फाशिवाय मासे टिकले तर पेट्या घेणार कोण? तिने तो शोध कडीकुलपात ठेवला आणि स्वस्थ बसली. नलूताई मात्र वाट पाहत राहिल्या. दर रविवारी बाजारात शिरताना त्यांची नजर आधी टोपल्यांच्या कडेला जायची, एखादी बाटली दिसते का बघायला.

परवा विनीत त्यांच्या खोलीत आला. "मॅडम, मी पुन्हा ट्राय केलं. ते म्हणतात, विचार चालू आहे. बनवणार पण नाहीत आणि सोडणार पण नाहीत. पेटंट संपेपर्यंत आपल्या हातात काही नाही."

"तोवर मी कुठे असणार रे इथे?" नलूताई म्हणाल्या. निवृत्ती तोंडावर आली होती. "आणि बाहेर थेंबसुद्धा द्यायचा नाही ना?"

"नाही मॅडम. सॉरी."

त्या रविवारी ऊन चढलं होतं आणि आनंदीबाईची टोपली अजून अर्धी भरलेली होती. ती बोंबलांवर पाणी शिंपडत होती.

"बाय, तुजं पानी कवा येनार गो?"

"येईल."

"कवाधरनं त्येच सांगतेस. एक बाटली दे ना आनून. कोनाला नाय सांगनार मी. माज्याच सालांचं हाय ना ते?"

हो, उद्याच आणते, हे शब्द नलूताईंच्या अगदी ओठांवर आले. सकाळी लॅबमध्ये बसल्या असत्या तर दुपारपर्यंत बादलीभर झालं असतं. आपलं पाणी या टोपलीवर पडलेलं एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि इतकी ओढ त्यांना दुसऱ्या कशाचीच कधी लागली नव्हती.

"नाही देता येत, आनंदीबाई. ते आता माझं नाही."

"म्हंजे? बनवलंस तू ना?"

"बनवलं मीच."

आनंदीबाईला यातलं काही उमगलं नाही. तिने मऊ पडलेले बोंबील निवडून बाजूला टाकायला घेतले, आणि नलूताई तिथेच उभ्या राहून ते टाकले जाताना बघत राहिल्या.