राघोला न ऐकू आलेला आवाज

काल्हेरच्या रस्त्याला केसरीनाथच्या गॅरेजात राघो मिस्त्री ट्रकच्या कमानपाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगपट्ट्यांची, कामं करायचा. तो मूळचा अंबाडीपलीकडच्या एका पाड्यावरचा. सोळाव्या वर्षी भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागला, बघता बघता लूम दुरुस्त करायला शिकला आणि एकाच कारखान्याच्या धडधडाटात त्यानं पंधरा वर्षं काढली. त्या पंधरा वर्षांनी त्याचे कान नेले. एकदम नाही. आधी बारीक आवाज गेले, चिमणीचा, सायकलच्या घंटीचा, मग माणसांचे. तेव्हा त्यानं लूम सोडली. केसरीनाथला त्याच्या हातातली कला ठाऊक होती आणि कानांचंही ठाऊक होतं. ट्रकच्या कमानीला कान लागत नाहीत, असं म्हणून त्यानं राघोला ठेवून घेतलं. गिऱ्हाइकाला मात्र दोघांनीही कधी सांगितलं नाही. राघो समोरच्याच्या ओठांकडे बघायचा, मान हलवायचा आणि निभून जायचं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत केसरीनाथ लग्नासाठी वाडा गावाला गेला होता, तेव्हा डॉक्टर प्रमोदिनीबाई आल्या. टेमघरला त्यांचा बाळंतपणाचा दवाखाना होता. त्यांची जुनी पांढरी गाडी त्या स्वतः चालवायच्या, आणि गाडी चालवणाऱ्या बायका तेव्हा भिवंडीत बोटांवर मोजण्याइतक्याच. दार उघडता उघडताच त्या बोलायला लागल्या. राघोनं ओठ वाचले. 'आवाज' हा शब्द तीनदा आला, 'वळताना' दोनदा. तुटलेली कमान डोळ्यांनी दिसते. आवाजाचं काय करायचं?

बाईंचं म्हणणं असं की, चार महिने झाले, स्टिअरिंग वळवलं की गाडीच्या पुढच्या भागातून कुरकुर येते. दवाखान्याच्या बोळात गाडी वळली की आत बसलेल्या बायकांना डॉक्टर आल्याचं कळतं. तीन गॅरेजं झाली. एकानं पुढचे शॉकअॅब्सॉर्बर बदलले, दुसऱ्यानं जिथे जिथे ग्रीस भरता येतं तिथे भरलं, तिसऱ्यानं खालून सगळीकडे तेल फवारलं. तेलानं दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मालक नाहीत, सोमवारी या, एवढं म्हटलं असतं तरी राघो सुटला असता. तो तेच म्हणणारही होता. पण तेल फवारल्यावर दोन दिवस आवाज थांबला, ही गोष्ट त्याच्या मनात अडकून बसली. म्हणजे कुठेतरी काहीतरी कोरडं होतं. आणि ग्रीस भरणाऱ्यानं सगळीकडे भरलं असेल, तर मग कोरडं काय राहिलं? हे कळल्याशिवाय बाईंना जाऊ द्यायला त्याचं मन घेईना.

"बाई, मला ऐकू येत न्हाय," तो म्हणाला. "लूमवर कान गेलं. पन तुमी नीट सांगाल तर मी शोधीन."

परक्या माणसाला त्यानं हे पहिल्यांदाच सांगितलं होतं. आपल्या तोंडावर उजेड पडेल अशा बेतानं बाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "विचारा."

राघोनं विचारायला सुरुवात केली. गाडी उभी असताना चाक वळवलं तर आवाज येतो का? येतो. सरळ जाताना खड्ड्यात आपटली तर? नाही. ब्रेक दाबल्यावर? नाही. सकाळी जास्त की दुपारी? सकाळी. पावसाळ्यात होता का? नाही, दिवाळीच्या आसपास सुरू झाला. बाईंना गंमत वाटली. पोट दुखतं म्हणून आलेल्या बाईला त्या अशाच फिरवून फिरवून विचारायच्या.

खड्ड्यात आवाज येत नाही, म्हणजे शॉकअॅब्सॉर्बरचा बहुतेक दोष नाही. उभ्या गाडीतही येतो, म्हणजे चाकाच्या बेअरिंगचा नाही. उरलं ते फक्त चाक वळताना हलणारं सामान. पण तेही दोन्ही बाजूंना मिळून दहा-बारा ठिकाणी.

इतक्यात राघोची बायको बायजाबाई भाकरीचा डबा घेऊन आली. राघोनं डबा बाजूला ठेवला आणि तिला गाडीच्या पुढे उभं केलं. बाईंनी स्टिअरिंग वळवलं. कसला आवाज आहे, असं राघोनं विचारलं, तेव्हा बायजाबाईनं थोडा विचार केला.

"जात्यात दाना न्हाय आन् जातं फिरवतंय कोन, तसा," ती म्हणाली. कुठून, तर गाडीच्या डाव्या अंगानं.

मग राघोनं ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट करायची. आधीच्यांनी सगळं एकदम केलं, म्हणून कशानं काय झालं ते कुणालाच कळलं नव्हतं. त्यानं तांब्याभर पाणी घेतलं. सांध्यांमधले रबरी बुश कोरडे पडून कुरकुरत असतील तर पाण्यानं घटकाभर गप्प बसतील. तो एका बुशवर पाणी सोडायचा, बाई स्टिअरिंग वळवायच्या आणि बायजाबाई हात वर करायची. पंजा उघडा म्हणजे आवाज आहे, मूठ म्हणजे नाही. सगळे बुश भिजवून झाले. पंजा उघडाच राहिला.

राघोनं चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, हँडब्रेक ओढून घेतला, इंजिन बंद असल्याची खात्री केली आणि डाव्या चाकामागे हात घातला. बंद पडू पाहणारी लूम तो अशीच ओळखायचा, चौकटीवर तळहात ठेवून. बाई अगदी हळू चाक वळवत होत्या. स्प्रिंगवर बोटं ठेवली, काही नाही. वरच्या सांध्यावर, खालच्या, दांड्याच्या टोकाला. सगळं लोण्यासारखं फिरत होतं. बायजाबाई मात्र हटून सांगत होती की आवाज डावीकडचाच आहे.

तिच्या कानावर त्याचा अविश्वास नव्हता. पण लोखंडातून आवाज कुठल्या कुठे जातो, हे त्यानं लूमवर पाहिलं होतं; या टोकाची खिळी ढिली आणि खडखड त्या टोकाला. तो गाडीखालून उजवीकडे सरकला. चाक ज्या जाड उभ्या खिळीवर वळतं, तिला किंगपिन म्हणतात. तिच्या खालच्या टोकाला बोट लागलं आणि तो थांबला. बोटाखाली मांजर घुरघुरावं तशी थरथर होती. त्यानं बाईंना थांबायला सांगितलं, थरथर थांबली. पुन्हा वळवायला सांगितलं, पुन्हा आली. तो गाडीखालीच स्वतःशी हसला.

पण त्या किंगपिनला ग्रीस होतं. ज्या बारीक निपलातून ग्रीस आत दाबतात, ते ताज्या ग्रीसनं बरबटलेलं होतं. दुसरा मिस्त्री खोटं बोलला नव्हता. राघो तिथेच पडून बघत राहिला. लूमच्या तेलाच्या भोकात कापसाची रुई बसायची, वरून कितीही तेल ओता, ते बाहेरूनच ओघळायचं आणि आतला सांधा कोरडाठाक. त्यानं पाना लावून निपल काढलं आणि आत तार घातली. एक काळी घट्ट गोळी बाहेर आली. ती त्यानं तळहातावर घेऊन पेट्रोलमध्ये चुरगाळली, तेव्हा तिच्यातून केसाहून बारीक तंतू सुटले.

त्यानं तो तळहात बाईंपुढे धरला. भिवंडीची हवाच तशी. सूत उडतं, निपलावर बसतं, न पुसता ग्रीसगन लावली की आत ढकललं जातं. बाईंनी चष्मा वर करून ते तंतू कितीतरी वेळ पाहिले.

वाट साफ करून नवं निपल बसवून राघोनं ग्रीस दाबलं. आधी गंजाच्या रंगाचा चिखल बाहेर आला, मग स्वच्छ ग्रीस. बाईंनी चाक वळवलं. बायजाबाईचा पंजा उघडाच. पुन्हा वळवलं, बोटं अर्धी मिटली. पाचव्या खेपेला मूठ झाली.

आवाज गेला म्हणजे आजार गेला असं नाही, हे राघोनं बजावून सांगितलं. सांधा चार महिने कोरडा फिरला होता, तो उघडून बघायलाच हवा. पुढच्या आठवड्यात केसरीनाथनं तो उघडला तेव्हा आतला धातूचा बुश एका बाजूनं खाल्लेला निघाला, आणि तो बदलावा लागला.

त्या दिवशी निघताना प्रमोदिनीबाईंनी राघोला विचारलं, तुमचे कान कुणी तपासले का? कुणीच तपासले नव्हते. त्यांच्या चिठ्ठीवर तो बायजाबाईला घेऊन ठाण्याला गेला. गेलेलं परत येणार नाही, यंत्रानं थोडा आधार मिळेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. यंत्र लावल्यावर वाटीचमचेसुद्धा अंगावर धावून यायला लागले. तो ते लग्नाकार्यातच लावायचा. पण नुसती मान हलवणं त्यानं सोडलं. गिऱ्हाईक आलं की आधी कानांचं सांगायचा, मग प्रश्न विचारायचा. लोक जातील अशी केसरीनाथला धास्ती होती. झालं उलटंच, कुरकुरणाऱ्या, किरकिरणाऱ्या गाड्या घेऊन लोक राघोला शोधत यायला लागले.

त्र्याण्णव साली त्यानं अंबाडीच्या नाक्यावर स्वतःची शेड टाकली. बायजाबाई तिथे स्टुलावर बसून तांदूळ निवडायची आणि हाक मारली की उठून गाडीपुढे उभी राहायची.

त्यानं हात घातलेली एक गाडी मात्र त्याला कधीच कळली नाही. वाड्याकडचा चिंधू नावाचा जीपवाला सांगायचा की डावीकडे वळताना मागून कुणीतरी शीळ घालतं. बायजाबाईला ती ऐकू येईना, राघोच्या बोटांना काही लागेना. तीन दिवस त्यानं जीप ठेवून घेतली, पाणी झालं, तेल झालं, सगळ्या खिळ्या हलवून झाल्या. शेवटी त्यानं पैसे न घेता ती परत दिली. चिंधू कंटाळून ते विसरूनही गेला. पण नाक्यावरून जीप जाताना दिसली की राघो हातातलं काम टाकून रस्त्यावर यायचा, हात आडवा करून ती थांबवायचा आणि चिंधूच्या ओठांकडे बघत विचारायचा, "अजून वाजते का रं?"