आठ डबे आणि दोन मोटरी

अकोल्यात शेतीपंपांचं दुकान मी कुणाच्या मदतीशिवाय उभं केलं. पण अमरावतीचा माझा वकील भाऊ दिवाळीत घरी आला, प्लास्टिकच्या विटा जोडून मी बनवलेली आगगाडी त्यानं पाहिली आणि सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, “हातानं ढकला लागते का रे हिले? मंग बैलगाडीच बनवायची ना!” सगळे हसले. मला जेवण गेलं नाही.

तेव्हाच ठरवलं, हिला मोटर बसवायची आणि त्याचे शब्द त्यालाच मागे घ्यायला लावायचे.

इंजिनाखाली मोटर बसवली. गाडी सरळ रुळावर धावली, पण वळणावर आठ डब्यांच्या ओझ्यानं इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरू लागली. डबे कमी करणं मला मंजूर नव्हतं. शेवटच्या डब्याखाली दुसरी मोटर लावली. रिमोटचं बटण दाबलं, तर गाडी गुरगुरली, थरथरली, पण हलेना. दुसऱ्या दिवशी भाऊ जेवायला येणार होता. मोटर विकणाऱ्याला मी फोनवर असं झापलं की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“काहून वरडून राहिले त्या बिचाऱ्यावर?”

“खराब माल देला त्यानं!”

“तुमचं गिऱ्हाईक असंच वरडत येते, तवा तुमी त्याले काय सांगता?”

मी फोन ठेवला. पंप पाणी फेकत नाही म्हणून येणाऱ्याला मी रोज सांगतो, मोटर उलटी फिरत असेल, वायरी बदलून बघ. गाडी उचलून धरली. पुढची मोटर पुढे ओढत होती, मागची मागे. मागच्या मोटरीच्या वायरींची अदलाबदल केली. विकणाऱ्याला मात्र पुन्हा फोन केला नाही.

भाऊ आला. पाणीही न विचारता मी त्याला गाडीपुढे उभं केलं. आठही डबे घेऊन ती सोफ्याखालून झोकात बाहेर आली. तो पँट सावरत खाली बसला.

“दे रिमोट इकडं.”

“पयले दिवाळीतलं बोलणं वापस घे.”

“कोणतं बोलणं?”

त्याला आठवतही नव्हतं! मी शब्दन्‌शब्द ऐकवला. तो हसत सुटला. “बरं बावा, बैलगाडी नाही. खेळणं मस्त आहे तुझं.”

“खेळणं?”

“याच्याउपर एक शब्दही वापस घेत नाही मी.”

सौदा तिथंच अडला. मी रिमोट दिला, पण गाडी अर्ध्या फेरीवर पोचताच हातातून काढून घेतला.

“अबे, आता तं सुरू केली!”

“अर्धंच बोलणं वापस घेतलं, तं अर्धीच फेरी भेटते,” मी म्हणालो आणि वेग वाढवला.