न झालेल्या लग्नाची पत्रिका

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुस्तकं वाचली ती परीक्षेपुरती, आणि आठवणी लिहून ठेवाव्यात एवढं माझं वयही नाही. तरी या एका प्रकरणानं मला इतका वैताग दिला, की कुणाला तरी ते पहिल्यापासून सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

नांदेडला कॉम्प्युटरचं शिकताना शेवटच्या वर्षी मला लातूरच्या एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप मिळाली. कंपनी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दुसऱ्यांच्या ऑफिसांमधले कॉम्प्युटर ऑनलाइन चोरांपासून राखायचे, हे आमचं काम. कंपनी चालवणारे सर, उदगीरकडच्या एक ताई आणि मी, एवढीच माणसं. काम नीट केलंस तर कायम करू, असं सर म्हणाले होते. मी ते घरी सांगितलं आणि वडिलांनी गावभर सांगितलं. त्यामुळे आता ते व्हायलाच हवं होतं.

चहाच्या वेळी सर आणि ताईंच्या गप्पा रंगायच्या. कॉलेजात मला हॅकर म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसलेला कुणी परदेशी माणूस असं वाटायचं. इथं वेगळंच कळलं.

"एका ऑफिसात मॉनिटरवर माहूरच्या देवीचा फोटो," ताई सांगत होत्या. "फोटोच्या मागं चिठ्ठी, चिठ्ठीवर पासवर्ड. मी म्हटलं, बाई, हे काय? तर म्हणती, देवी राखती की!"

"मग आपलं बिल देवीला लावा," सर म्हणाले. "आन परवाचं ऐका. साहेबाचा हुबेहूब आवाज काढून एका क्लार्कला फोन आला, अर्जंट ओटीपी दे म्हणून. त्यानं दिला न्हाई. मी म्हटलं, शाब्बास, कसं वळखलं? तर म्हणतो, साहेब एकदाबी शिवी न देता बोलले, तवाच डाऊट आला."

मी हसायचो, पण आतून हादरायचो. एवढं शिकून जे राखायचं, ते असं शिवीच्या भरवशावर चाललेलं.

आमचं सगळ्यात मोठं काम एका शिक्षणसंस्थेचं होतं. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावानं फायली फिरत होत्या. उघडली की फोन चोराच्या ताब्यात. संस्थेची माणसं अशा फायली उघडतात का, हे बघायला आम्ही स्वतःच एक खोटी पत्रिका पाठवायचं ठरवलं. तीत धोका काही नव्हता. मेसेजमध्ये वराचं आडनाव, गाव, मंगल कार्यालय आणि वार द्यायचा, पूर्ण पत्रिका बघायला ऑफिसचा पासवर्ड मागायचा आणि कुणी टाकलाच तर स्क्रीनवर पाटी दाखवायची: ही चाचणी होती, अनोळखी पत्रिका उघडू नका. संस्थेच्या सचिवांची परवानगी होती. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

"सर, गाव नसलेलंच टाकतो," मी म्हणालो.

"नसलेल्या गावाला कोण जातंय, लेका? हदगावचं टाक. तुझ्याकडलंच हाय."

"आणि रविवार टाक," ताई म्हणाल्या. "रविवारी सगळ्यांना जमतं. म्हणजे उघडतील."

मी तसंच लिहिलं. चाचणी गुरुवारी झाली. समजावून सांगायची बैठक सोमवारी होती.

जवळजवळ सगळ्यांनी पासवर्ड टाकला. पाटी कुणी वाचलीच नाही. पत्रिका उघडत नाही म्हणून काहींनी दुसऱ्यांदा पासवर्ड टाकला. एका बाईंनी 'नांदा सौख्यभरे' असं उत्तर पाठवलं. एकानं तर ती सगळ्या ग्रुपवर टाकली: माझ्याकडं उघडंना, तुमच्याकडं बघा. मी स्क्रीनसमोर डोकं धरून बसलो होतो.

खरा घोळ रविवारी झाला. संस्थेच्या हेडक्लार्क काकांची सासुरवाडी हदगावची निघाली. वराचं आडनाव सासऱ्यांच्या भावकीत होतं. काका बायकोला घेऊन, नवरीला साडी घेऊन, लातूरहून बसनं हदगावला गेले. पत्रिकेतल्या मंगल कार्यालयात रंगाचं काम चालू होतं. तिथून ते सासुरवाडीला गेले, तर मेहुण्यांनी दिवसभर एकच लावलं: "जावईबापू, कुणाचं लगीन खाऊन आलात?"

सोमवारी बैठकीऐवजी सचिवांचा फोन आला. काम पुढं द्यायचं का नाही ते बघू, म्हणाले. शिवाय विचारलं, "ती पत्रिका लिहिणारा पोरगा कोण?"

सरांनी फोन ठेवला. "तुझं कायमचं आता तिथंच अडकलं बघ," म्हणाले. "जा, काकाची समजूत काढ."

हदगाव कुणी सुचवलं आणि रविवार कुणी, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण थोरल्यांना काय बोलणार? ताई तेवढ्या माझ्याबरोबर आल्या.

काका टेबलामागं बसले होते. "या, या. नवरदेवाकडली मंडळी आली!"

"काका, झालं ते वाईट झालं," मी म्हणालो. "पण तुम्ही अनोळखी माणसाला पासवर्ड दिलात."

"मग? पत्रिका आली तर बघायची न्हाई? दारात आलेल्या माणसाला तू कोण म्हणून इचारायचं? आमच्यात आधी पाणी देतेत, मग इचारतेत."

"चोराला बी पाणी देता का, काका?" ताईंनी विचारलं.

"देतो. मग धरतो."

"पण तुम्ही धरला नाही ना! घराची किल्ली दिली!" माझा आवाज चढला, तो मलाच ऐकू आला. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली.

"हळू बोल, लेकरा," काका म्हणाले. "सासुरवाडीत हसं माझं झालंय, तुझं न्हाई."

मला फार वाईट वाटलं. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो. "काका, पत्रिका द्यायला माणूस घरी येतो, अक्षता देतो. आपण त्याचं तोंड बघतो. फोनवरच्या पत्रिकेला तोंड नसतं. म्हणून उघडायच्या आधी पाठवणाऱ्याला एक फोन करायचा. त्यात कुणाचा अपमान नाही."

काका म्हणाले, "हे आधी सांगायचं व्हतं."

"सोमवारी सांगणार होतो."

"आन लगीन रविवारी!"

ताईंना हसू आवरेना. काका हसले नाहीत. सचिवांना काय सांगणार, तेही बोलले नाहीत.

मी परीक्षेला नांदेडला परत आलो. सरांना विचारलं की ते म्हणायचे, सचिव बघून राहिलेत. वडील विचारायचे, कायमचं काय झालं? मी म्हणायचो, बघून राहिलेत. पेपर संपले, मेस बंद व्हायला आली, तरी तेच. कुणी बघून राहिलंय हे ऐकून ऐकून मी पुरता कंटाळलो.

शेवटी ताईंचा फोन आला. आधी नुसत्याच हसत होत्या.

"अरे, सचिवांच्या मुलीचं लग्न ठरलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी पत्रिका ग्रुपवर टाकली. काकांनी खाली लिहिलं, कुणी उघडू नका, आधी फोन करून खात्री करा. सकाळपासून सगळी संस्था सचिवांना फोन करून विचारतेय, साहेब, लग्न खरं आहे का? शिपायानंसुद्धा केला. शेवटी वैतागून सचिवांनी सरांना फोन लावला. म्हणाले, काम चालू ठेवा, त्या पोरालाही ठेवा, पण माझी पत्रिका खरी आहे एवढं यांना सांगायला लावा त्याला. एक तारखेपासून तू कायम."