भिवाजी पेंटरची दोन पानं

सौंसरच्या बाजारात ज्या जुन्या पाट्या अजून शाबूत आहेत, त्यातल्या बऱ्याचशा भिवाजी पेंटरच्या हातच्या. किराणा, दवाखाना, संत्र्याची आडत, सगळं त्यांनीच लिहिलेलं. फ्लेक्स आल्यावर काम कमी झालं, तरी गाड्यांचे नंबर त्यांच्याकडेच येत. म्हणजे माणूस जन्मभर लिहीतच होता. फक्त स्वतःचं एक वाक्य त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. मजकूर गिऱ्हाईक द्यायचं, भिवाजी रंगवायचे. चूक निघाली तर ती गिऱ्हाइकाची, अक्षर भिवाजींचं. ही वाटणी त्यांना पसंत होती.

गेल्या वर्षी त्यांची बायको यमुना वारली. विहाराच्या महिला मंडळाची ती सगळ्यात जुनी बाई. मंडळानं बुद्धपौर्णिमेला स्मरणिका काढायचं ठरवलं, आणि मंडळाच्या वैशालीबाई घरी आल्या.

"दादा, यमुनाबाईवर दोन पानं तुम्हीच लिहा. तुमच्याएवढं लिहिणारा गावात कोण आहे?"

भिवाजी हो म्हणाले. नाही म्हणायला त्यांना त्या वेळी काही सुचलं नाही.

आधी त्यांनी कागदाला समास आखला. मग ओळी आखल्या. मग शीर्षक घेतलं. 'यमुना' हे नाव त्यांनी सरळ लिहून पाहिलं, तिरपं लिहून पाहिलं, मग छाया देऊन. छाया डावीकडे पडावी की उजवीकडे, यात आठवडा गेला. त्यानंतर सगळे ब्रश धुवायला काढले. त्यातले काही ते वापरतही नव्हते.

मुलगी प्रज्ञा नगरपालिकेतून घरी आली की विचारायची, "बाबा, झालं का लिहून?"

"करून राहिलो."

"काय करून राहिले?"

"तयारी."

एप्रिल असाच सरला. वैशालीबाईंचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा भिवाजी अंगणात फाटकाला रंग देत होते. फाटक हिरवं होतं, त्यांनी पुन्हा हिरवंच केलं.

शेवटी प्रज्ञानं त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि समोर बसली. "खरं सांगा. काऊन होत नाही?"

भिवाजी हाताचा रंग पुसू लागले. "भेव वाटते. पाटीवर चुकलं तर रॉकेलच्या बोळ्यानं पुसता येते. हे छापून येईन. तुह्या मायबद्दल उलटंसुलटं लिहिलं गेलं तर मी पुसू कसं?"

प्रज्ञानं समजूत घातली नाही. तिनं फोन काढून त्यांच्यापुढे ठेवला. "लिहू नका मंग. बोला. हा लिहीन."

भिवाजींना यंत्राशी बोलायची सवय नव्हती. पहिल्यांदा त्यांनी फोनला नमस्कार केला. मग बोलत गेले. चहा गार झाला तरी बोलत होते. दुसऱ्या दिवशी प्रज्ञानं ते सगळं छापून आणलं आणि कामावर निघून गेली.

भिवाजींनी चष्मा लावला. पहिलंच वाक्य होतं, 'यमुना कापूस विचारायला जय होती.' फोनला त्यांची बोली कळली नव्हती. पुढे यमुना 'तापट'ची 'तपकीर' झाली होती, आणि मोहगावचं माहेर 'महागाव' झालं होतं.

हे वैशालीबाईंच्या हाती जाणं शक्य नव्हतं. त्यांनी लाल पेन घेतला. 'विचारायला' खोडून 'वेचायला' केलं, 'जय'चं 'जात' केलं. मग वाटलं, कापूस वेचायला ती एकटी जात नव्हती, तेही लिहायला पाहिजे. ते लिहिलं. कोण कोण असायच्या, तेही लिहिलं. त्यातल्या एकीलाही सही येत नव्हती, अंगठाच. हे लिहिलं तेव्हा समास भरला. भिवाजी कागद उलटा करून मागे भिंतीची गोष्ट लिहू लागले.

यमुना एकदा शेतातून आली आणि दारातच म्हणाली, "अवो, साऱ्या गावाचं नाव लिहून राहिले. माह्यं मले दाखवलं का कधी?" तेव्हा त्यांनी विहाराच्या मागच्या भिंतीवर तिचं नाव हातभर अक्षरांत रंगवलं. ती रोज संध्याकाळी त्यावरून बोट फिरवायची. मग दुसऱ्या बाया आपापली नावं घेऊन आल्या. भिंत भरली तशी यमुनानं भिवाजींना पुढल्या भिंतीवर लावलं. रंग कोणाच्या पैशाचा, असं त्यांनी विचारलं तर तिला राग यायचा.

प्रज्ञा परतली तेव्हा भिवाजी तसेच बसले होते. छापलेल्या ओळींतली एकही धड उरली नव्हती.

"बाबा, हे तर तुम्हीच लिहिलं," ती म्हणाली.

"मी फक्त दुरुस्त करून राहिलो होतो," भिवाजी म्हणाले. मग त्यांनी पहिल्यापासून वाचलं. शेवटाला आल्यावर चष्मा काढला आणि वैशालीबाईंना द्यायला पानं प्रज्ञाच्या हाती दिली.

पौर्णिमेला वैशालीबाईंनी स्मरणिकेतली ती पानं विहारात वाचून दाखवली. भिवाजी मागे खांबाशी बसून प्रत्येक ओळीला चूक सापडायची वाट पाहत होते. संपल्यावर एक चूक निघाली. म्हाताऱ्या अंबाबाई काठी टेकत त्यांच्यापाशी आल्या.

"भिवाजी, माह्यं नाव नाही त्यात. भिंतीवर यमुनामागं पहिलं नाव माह्यं होतं."

"राहून गेलं, बाई."

"मंग लिहा."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर भिवाजींनी कोरा कागद घेतला. समास आखला नाही. अंबाबाईंपासून सुरुवात केली, आणि पहिल्याच ओळीत त्यांचं माहेरचं गाव चुकलं. ते खोडून भिवाजी पुढे गेले.