ओठ मिट, दात सोड

निरोप घेऊन बाळू गाडीवान आला तेव्हा मी माहेरी, खानापूरच्या बाजूला, भावाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. बैल सोडायच्या आधीच तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि काही बोलायच्या ऐवजी त्यानं आपल्या जबड्यावरून हात फिरवला. "वैनी..." एवढंच म्हणाला. मला कळलं. आमच्या आक्का गेल्या. दुखणं नाही, खुपणं नाही, पेज जेवून निजल्या त्या उठल्याच नाहीत. त्याला आता महिना उलटून गेला. रडायचं तेवढं रडून झालं, आणि आता त्यांची आठवण आली की मला बाई हसूच जास्त येतं. त्यांनाही तेच आवडलं असतं.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. (ह्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, तेवढं वळण अजून आहे.) लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांचं कपाळ पांढरं झालं आणि त्या रामनगराजवळच्या आमच्या गावी, आईबापाकडे परत आल्या. सासरहून आणलं काय, तर बोटांतली विद्या. त्यांचे सासरे निखळलेली हाडं बसवायचे. मुलगा गेल्यावर त्यांनी सुनेला हाताशी घेतलं आणि जबड्याचं सगळं शिकवलं. पण मी सून म्हणून दारात उभी राहिले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं, की मी लहानपणापासून बोलभांड. तोंडाला टाळं म्हणून नाही. आईला धास्ती, की ही पोर सासरी पहिल्याच दिवशी आपली शोभा करणार. गाडीत बसवताना तिनं बजावलं, "तिथं वटवट करू नगंस. दाताला दात लावून बस!" आईची आज्ञा मी कधी पाळली नव्हती, ती नेमकी त्या दिवशी पाळली. रानातला तो रस्ता, गाडीचे धक्के... आणि मी आपली दात आवळून बसलेली. सासरच्या दारात उतरले तेव्हा दोन्ही गाल दगडासारखे झाले होते आणि दात काही केल्या सुटेनात.

उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. बायकांनी वाट अडवली. "नाव घे, मग आत सोडतो!" मी उखाणा घोकून आले होते हो, चांगला लांबलचक! पण तोंडातून नुसतं हूं हूं. आधी सगळ्या हसल्या. लाजते म्हणाल्या. मग चिमटे काढले. मग एकीनं हळूच दुसरीच्या कानात सांगितलं, आणि ते माझ्या कानापर्यंत आलं, "मुकी हाय की काय गं ही?" झालं! मामंजींचा आवाज चढला. "आमच्या गळ्यात मुकी पोर मारली! गाडी फिरवा." माझ्याबरोबर आलेला मामा शपथा घेऊ लागला, की पोर मुकी नाही, उलट बोलून डोकं उठवते. कोण ऐकणार? कुणी म्हणालं बाहेरचं झालंय, मिरच्यांची धुरी द्या. कुणी उलथनं आणायला धावलं, दातांत घालून उघडू म्हणे. मी रडत होते आणि रडताना दात आणखीच आवळले जात होते. गाडी एकदा फिरली असती तर मला जन्मभर कुणी दारात उभं केलं नसतं.

आणि आतून, चुलीपासून, आक्का बाहेर आल्या.

अशा वेळी त्यांनी पुढं यायचं नसतं. नव्या नवरीनं माप ओलांडायच्या आधी तिला त्यांचा हात तर लागायचाच नसतो. सासूबाई किंचाळल्याच, "आक्के, तू कशाला फुडं आलीस?" आक्का म्हणाल्या, "मग आई, तूच उघड की तिचं तोंड." आणि सरळ माझ्या गालांवर हात ठेवले. कानापुढं बोटं दाबली, गालातली गाठ चाचपली. कपाळाला हात लावून ताप बघितला, मान पुढंमागं हलवून बघितली. "ताप न्हाई, मान मोकळी हाय. धनुर्वात न्हवं. मुकी न्हाई ती. जबडा धरलाय." न्हाणीतल्या कढत पाण्यात पंचा पिळून गालांवर ठेवला. मग भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल, तळहातावर पातळ करून बोटांनी वरून खाली चोळत राहिल्या. घाई म्हणून नाही. दारात सगळं गाव उभं, मामंजी फेऱ्या मारतायत, आणि ही बाई माझ्याशी असं बोलत होती जणू आम्ही दोघीच होतो. "तोंड उघडायचं न्हाई पोरी. कोण म्हणतंय उघड? ओठ मिट, दात सोड. एवढंच कर."

ओठ मिट, दात सोड... आणि दात सुटले! बोटभर उघडलं तोंड. लांबलचक उखाणा कुठला, ह्यांचं नाव बोबड्या पोरासारखं कसंबसं बाहेर पडलं. मामंजी ओट्यावर मटकन बसले. मामा रडला. मी माप ओलांडलं. सासूबाई मात्र बरेच दिवस आक्कांशी बोलल्या नाहीत.

पुढचं औषध याहून कडू. मऊ पेज, सुपारी बंद, सकाळ-संध्याकाळ शेक, आणि बोलायचं अगदी कमी. मला! आक्का चुलीपाशी बसून बोलायच्या आणि मी नुसती मान हलवायची. त्या दिवसांत त्यांनी आपला सगळा जन्म मला सांगून टाकला, कारण मधेच तोंड घालायची मला सोय नव्हती. पुढं माझा जबडा सुटला तशा म्हणाल्या, "बरं हुतं गं तवाच."

मग मी त्यांच्या हाताखाली राहिले. लाकडाच्या गाड्या हाकणारे, रानात कामाला जाणारे, कुणीकुणी यायचे. हाच बाळू एकदा जांभई देता देता आ वासूनच राहिला, तसाच गाडी हाकत आला. आक्कांनी अंगठ्यांना फडकं गुंडाळलं, खालच्या दाढांवर ठेवून जबडा खाली दाबला, मागं सरकवला. खट्! "आता जांभई आली की हनुवटीला हात लाव," म्हणाल्या, आणि तो गेल्यावर पोट धरून हसल्या. पण ताप असला, मान ताठ असली की हात लावायच्या नाहीत. "हे माझं काम न्हाई," म्हणून लगेच गाडी जुंपून दवाखान्यात धाडायच्या. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना दाढेचा पू कसा ओळखायचा ते शिकवलं, तेही त्यांनी मन लावून शिकून घेतलं.

इतकं करून गावात कुणाचं लग्न असलं, बारसं असलं, की आक्का आपल्या मागच्या दाराशी. बोलावलं नाही म्हणून रुसल्या नाहीत. मलाच राग यायचा, अजून येतो.

परवा शेजारी बारसं होतं. पाळण्याभोवती बायका एकेकीला नाव घ्यायला लावत होत्या. माझ्यावर आलं. "घ्या की काकू, तुमचं तोंड तर कधी थांबत न्हाई!" आक्कांचं नाव मी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, मोठ्या नणंदेचं नाव कोण घेतं? पण तोंडाला आलं ते आलं.

"उंबऱ्यावर बसली खीळ, अडली माझी वाट,
द्वारकाबाईंचं नाव घेते, ज्यांनी लावला हात."

एक म्हातारी म्हणाली, "अगं, नवऱ्याचं घ्यायचं असतंय." मी म्हटलं, "त्यांचं घेतलंय की एकदा. ते कुणामुळं घेता आलं, तिचं आज घेतलं."

बाळाच्या आईनं माझ्याकडं बघितलं. मग सैपाकघराच्या दाराकडं बघितलं. तिथं तिची विधवा आत्या पदराला हात पुसत कडेला उभी होती.

"आत्या," ती म्हणाली, "तिथं काय उभ्या ऱ्हायलाय? फुडं या. पाळण्याला पहिला हात तुमी लावा."